महापरसाद

“बरे आहेत,” असं शेखर म्हणून गेला, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की वडील जाऊन तीन वर्षं झालीत. तो ते विसरला होता अशातला भाग नाही. सकाळचे साडेनऊ झाले होते, ऑफिसची जीप गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवत होती, एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. अशा वेळी फाटक ढकलून, बेल वाजवायची तसदीही न घेता, एक उंच वाळका म्हातारा सरळ व्हरांड्यात येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, खांद्यावर तोंड शिवलेली लहानशी गोणी. त्यानं गोणी उतरवली, शेखरच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं, त्याच्या हनुवटीला हात लावला आणि विचारलं, “महापरसाद बने हे न, बाबू?” रायपूरच्या चौबे कॉलनीत येऊन सहाच महिने झाले होते, तरी ‘बने हे’ म्हणजे बरे आहेत एवढं शेखरला कळत होतं. आणि महापरसाद म्हणजे कोण, हे तर त्याला लहानपणापासूनच ठाऊक होतं. बाबांचा रायपूरचा एक मित्र होता, जवळच्याच बीरगांवचा. बाबा त्याला महापरसाद म्हणत आणि तो बाबांना महापरसाद म्हणे. “हो, बरे आहेत,” शेखर बूट चढवत म्हणाला. म्हाताऱ्याचा सगळा चेहरा उजळला. “हव,” तो म्हणाला आणि गोणीवर हात ठेवून सांगू लागला, “ये नवा चाउर ए. महापरसाद ला भेज देबे. ओ खाही, तब मैं खाहूं.” बाबांनी हा नवा तांदूळ खाल्ला की मगच तो खाणार होता. मग आलेल्या वाटेनं, फाटक उघडं टाकून, तो चालता झाला. त्याची पाठमोरी मान आनंदानं डुलते आहे असं शेखरला वाटलं. जीपनं पुन्हा भोंगा वाजवला.

जीपमध्ये बसल्यावर त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती असं नाही. मुंबईत, मुलुंडच्या घरी, बाबा गेल्यावरही वर्षभर त्यांच्या नावानं फोन येत असत. कुणाला कर्ज द्यायचं असे, कुणाला क्लबाचं सभासद करून घ्यायचं असे. “शरच्चंद्र पिंपळापुरे आहेत का?” पहिल्या दोनचार वेळा शेखरनं खरं सांगितलं. पलीकडची मुलगी ‘सॉरी सर’ म्हणे आणि मग त्या सॉरीचं काय करायचं ते दोघांनाही कळत नसे. पुढे त्यानं ठरवून टाकलं, बाबा बरे आहेत, बाहेर गेलेत. एका वाक्यात काम भागत होतं. फोन ठेवल्यावर तो क्षणभर त्यांच्या खोलीच्या बंद दाराकडे बघे आणि बाबा खरोखरच कुठेतरी बाहेर गेले आहेत असं त्याला वाटून जाई. तेच वाक्य आज जिभेवर तयार होतं. फक्त या वेळी समोर फोन नव्हता, माणूस होता, आणि त्या माणसानं हनुवटीला हात लावला होता. मुंबईत गेल्या वीस वर्षांत त्याच्या हनुवटीला न्हाव्याखेरीज कुणी हात लावलेला नव्हता. रस्त्याच्या कडेनं नव्या राजधानीच्या पाट्या मागे पडत होत्या. भाड्याच्या बंगल्यांत कचेऱ्या थाटल्या होत्या, मध्यप्रदेशावर रंग फासून वर छत्तीसगढ लिहिलं होतं, आणि रंग पातळ असेल तिथं खालची जुनी अक्षरं अजून वाचता येत होती.

ही बदली त्यानं मागून घेतली होती. विमा कंपनीनं नव्या राज्यात विभागीय कचेरी काढायची ठरवली तेव्हा ऑफिसात कुणीही हात वर करीना. काळ्या पाण्यावर कोण जाणार, अशी थट्टा चालली होती. शेखरनं हात वर केला आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याची बायको क्षमा तर दोन दिवस बोलली नाही. मग तिनं विचारलं, “बढतीसाठी?” आणि तो हो म्हणाला, कारण दुसरं कारण त्याला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं. बाबा रायपूरच्या तात्यापाऱ्यात जन्मले, वाढले, आणि नोकरीसाठी मुंबईला गेले ते गेलेच. आयुष्यभर त्यांनी रायपूरचं नाव काढलं की आई म्हणे, “झालं यांचं सुरू.” शेखरही वैतागे. आता बाबा नव्हते आणि त्या शहराविषयी ऐकवणारंही कोणी नव्हतं. मुलुंडच्या दोन खोल्यांत आपण त्यांच्यासाठी काहीतरी करायचं राहिलं आहे अशी एक बारीक टोचणी त्याला लागून असे. काय राहिलं ते मात्र आठवत नसे, आणि घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटत राहावं तसं ते दिवसभर वाटत राही.

संध्याकाळी घरी आला तर गोणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यासमोर घरमालकीण विजयाकाकू पाटावर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मुरलेल्या घराण्यातल्या. वरच्या मजल्यावरून त्या केव्हाही उतरून येत आणि आल्यावर ‘येऊ का’ असं विचारत. क्षमाला सुरुवातीला याचा फार राग येई, हल्ली ती चहाचं आधण तेवढं वाढवी. “शेखर, तू बिसाहूले काय सांगितलं बेटा?” काकूंनी विचारलं. म्हाताऱ्याचं नाव त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. “मीच भाजीवालीच्या हातून बीरगांवले निरोप धाडला होता, का शरदचा पोट्टा आला म्हणून. मले वाटलं, बापाचं त्याले तुम्ही सगळ्यात आधी कळवलं असन. तो तर जाता जाता खाली मले भेटला, खुश होऊन सांगून राहिला, महापरसाद बरा आहे म्हणते. काहून खोटं बोलला तू?” शेखर खुर्चीवर बसला. घाई होती, तोंडून निघून गेलं, असं तो काहीतरी पुटपुटला. “मग तुम्हीच सांगायचं ना काकू त्यांना,” क्षमा म्हणाली. “माय बाई! मी कशी सांगू? मरणाची खबर घरच्यानं द्यायची असते. आणि महापरसाद म्हणजे का ऐरागैरा दोस्त असते का? सख्ख्या भावाच्या वर. तो मेला तर यानं डोक्यावरचे केस उतरवायचे, याच्या घरी सुतक. पुरीच्या देवळाचा परसाद एकमेकाच्या तोंडात टाकला का झालं, मरेपर्यंत एकमेकाचं नाव घेत नाही ते लोक. माझ्या मालकानं एकदा मुद्दाम छेडलं होतं तुझ्या बापाले, घे न रे त्याचं नाव. नाही घेतलं पठ्ठ्यानं.”

हे सगळं शेखरनं बाबांकडून ऐकलेलं होतं, फक्त ते एका कानानं ऐकलं होतं. दोघं नऊ वर्षांचे असताना एकाच महिन्यात विषमज्वरानं आजारी पडले. बिसाहूचा बाप तात्यापाऱ्यात पिंपळापुऱ्यांकडे दूध घालायचा. दोन्ही पोरं वाचली तेव्हा आजोबांनी पुरीहून आणलेल्या सुक्या प्रसादाचे दाणे देवासमोर दोघांना एकमेकांच्या तोंडात घालायला लावले. दुधवाल्याचं पोर आणि वकिलाचं पोर तेव्हापासून महापरसाद झाले. पुढे बाबा मुंबईला गेले, तरी दरवर्षी दिवाळीनंतर एक ओळखीचे रेल्वेतले गार्ड अशीच एक शिवलेली गोणी घेऊन येत. दुबराज तांदूळ. त्याचा वास जिन्यापर्यंत येई. आई कटकट करीत निवडायला बसे, खडे फार म्हणून. भात झाला की बाबा बनियनवर, पूर्वेकडे तोंड करून, उभ्यानं पहिला घास घेत, ‘सीताराम महापरसाद’ म्हणत, आणि जेवण झाल्या झाल्या पोस्टकार्ड लिहीत. नवा खाल्ला. एवढंच. ते कार्ड पोचल्याशिवाय तिकडे नवा तांदूळ शिजायचा नाही. शाळेतले मित्र घरी आले असताना एकदा बाबांनी असा घास घेतला होता आणि शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “हे काय लहान मुलांसारखं,” असं तो त्या दिवशी वडिलांना म्हणाला होता. बाबांनी पाणी पिऊन घेतलं आणि नेहमीसारखं कार्ड लिहायला बसले.

बाबा गेले तो दिवस त्याला आता तुकड्यातुकड्यांनी आठवू लागला. ऑगस्ट, नवं राज्य व्हायला अजून अडीच महिने होते. दुपारी दवाखान्यातून फोन, संध्याकाळी विद्युतदाहिनी, आणि तिच्याबाहेर नंबर लागेपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. घरी आल्यावर त्यानं बाबांची वही घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येकाला फोन केले. अडतीस फोन. एकही सुटू नये म्हणून केलेल्या नावापुढे तो बरोबरची खूण करत गेला. या नीटनेटकेपणाचं त्या वेळी सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्या वहीत बिसाहू नव्हता, कारण ज्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही त्याचं नाव बाबांनी हातानंही लिहिलं नव्हतं; कार्डावरसुद्धा ‘महापरसाद, बीरगांव’ एवढाच पत्ता असे. सगळ्यात जवळचा माणूस तेवढा यादीतून सुटला होता. नोव्हेंबरात गार्डांनी शेवटची गोणी आणून दिली आणि आपण निवृत्त होतोय म्हणून सांगितलं. “वडील?” त्यांनी दारातूनच विचारलं, तेव्हा शेखर फोनवर होता. त्यानं हातानंच ठीक अशी खूण केली होती. त्या तांदळाचा क्षमानं पुलाव केला, ऑफिसातले चौघे जेवायला आले होते, वासाची तारीफ झाली. कार्ड कोणी लिहिलं नाही. म्हणजे खोटं काही आज सकाळी पहिल्यांदा बोललं गेलं नव्हतं.

गोणी तशीच राहिली. क्षमा तिच्या बाजूनं केर काढी, गोणी हलवत नसे. सकाळी गच्चीवर सिलतऱ्याच्या लोखंड-कारखान्यांतल्या भट्ट्यांची काळी भुकटी पडलेली असे, वारा तिकडचा असला की जास्तच. कपडे वाळत घालून ती खाली येई तेव्हा तिच्या पावलांचे ठसे फरशीवर उमटत, आणि हे पुसण्यात आपला जन्म जाणार असं ती म्हणे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “एक कार्ड टाकून दे ना. नवा खाल्ला म्हणून. काकू सांगत होत्या, तीन वर्षं झाली, त्या म्हाताऱ्यानं नवा तांदूळ तोंडात घातलेला नाही. वर्ष उलटून जुना झाला की मगच खातो म्हणे. आता या वयात किती वर्षं राहिली असतील त्याची? खाऊ दे बिचाऱ्याला. खरं सांगून काय मिळणार आहे?” तिच्या बोलण्यात खोट नव्हती. शेखर खरोखरच कार्ड घेऊन बसला. नागरीत दोन शब्द लिहिले, नवा खाल्ला, आणि पेन थांबलं. ‘ख’ची ती पोटाशी दुमडलेली गाठ, काना ओढून खाली सोडण्याची ती लकब. हे बाबांचं अक्षर होतं. नक्कल करायची असं त्यानं ठरवलंही नव्हतं. शेचाळिसाव्या वर्षी आपला हात आपल्या नकळत बापाचा झालाय, हे बघून त्याला भीती वाटली. हे कार्ड गेलं तर बिसाहूला शंकासुद्धा येणार नाही. तो घास घेईल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गोणी येईल, पुन्हा कार्ड जाईल, आणि बाबा असे दरवर्षी एकेक घासापुरते जगत राहतील, फोनवर बाहेर गेलेले असत तसे. आपल्याला नेमकं हेच हवं आहे, हे शेखरला त्या क्षणी लख्ख दिसलं. म्हाताऱ्याची दया वगैरे सगळी वरवरची. बिसाहूला सांगितलं की मग बाबा बरे आहेत असं मानणारं जगात कोणीच उरणार नव्हतं. त्यानं कार्ड फाडलं आणि तुकडे खिशात ठेवले.

रविवारी सकाळी तो रिक्षानं बीरगांवला गेला. गोणी बरोबर घेतली होती. कारखान्यांच्या भिंती संपता संपत नव्हत्या, आणि मग एकदम एक पिंपळ, दहाबारा जुनी कौलारू घरं आणि तळं. बिसाहू अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. शेखरला बघून तो उठला, गोणी बघितली, आणि त्याचे हात थांबले. जी वाक्यं शेखरनं रिक्षात जुळवली होती त्यातलं एकही त्याला आठवलं नाही. “बाबा नाहीत,” तो म्हणाला. “गेले. त्या दिवशी मी खोटं बोललो.” बिसाहूनं मान तिरकी केली, जणू दुसऱ्या कानानं ऐकायचं होतं. “कब?” त्यानं विचारलं. तीन वर्षं झाली, शेखर म्हणाला. आता म्हातारा ओरडेल, हाकलून देईल, आणि ते बरं होईल असं त्याला वाटत होतं. बिसाहू बाजेवर बसला आणि बोटं मोजू लागला. एक, दोन, तीन. “तीन तीजा-तिहार मनाएंव,” तो स्वतःशीच म्हणाला, “मूड़ म तेल लगाएंव.” तीन वर्षं सणवार केले, डोक्याला तेल लावलं, आणि तिकडे महापरसाद नव्हता. त्याला शेखरचा राग आलेला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटत होती. ते बघणं शेखरच्यानं होईना. “चूक माझी आहे,” तो म्हणाला, “तुम्हाला कळवायला हवं होतं.” पण म्हातारा उठून आत गेला होता. घरातून एक बाई रडत बाहेर आली, कोणीतरी शेजारच्या गल्लीतल्या न्हाव्याला बोलवायला गेलं, आणि चुलीवर चढलेलं भांडं उतरवून चूल विझवल्याचा वास आला.

तळ्याला दगडी पायऱ्या होत्या. पलीकडच्या काठावर कारखान्याची भिंत होती आणि तिची सावली पाण्यात निम्म्यापर्यंत आली होती. गावातला एक वयस्क माणूस समजावत होता, वर्ष उलटून गेलंय, आता नुसती आंघोळ केली तरी चालतं. बिसाहू ऐकून घेत होता आणि पायरीवर बसून बंडी काढत होता. वस्तरा फिरला तसे पांढरे केस मांडीवर पडू लागले. एवढे दाट केस या माणसाला होते हे शेखरच्या लक्षातच आलं नव्हतं. अर्धं डोकं झाल्यावर बिसाहूनं वर न बघता विचारलं, “तैं मूड़ मुंड़ाए रहे, बाबू?” म्हणजे, तू उतरवले होतेस का केस? हो म्हणणं फार सोपं होतं. इथं कोणाला कळणार होतं? शेखरला तिसऱ्या दिवसाची ती सकाळ आठवली. गुरुजी घाईत होते, त्यालाही पाचव्या दिवशी दिल्लीहून आलेल्या साहेबांसमोर उभं राहायचं होतं. गुरुजींनीच तोड काढली, कानामागचे चार केस कापा, बाकीचं दक्षिणेत धरू. पाचव्या दिवशी तो ऑफिसात गेला, भांग पाडून, आणि कोणालाही काही कळलं नाही. आपला बाप गेलाय हे कोणाला न कळता दिवसभर वावरता येतं, या गोष्टीचा त्याला त्या दिवशी केवढा हलकेपणा वाटला होता. “नाही,” तो म्हणाला. “चार केस कापले होते.” न्हावी वस्तरा पुसत थांबला. मग म्हातारा पायरीवर थोडा बाजूला सरकला, एक माणूस बसेल एवढा.

शेखरनं चष्मा काढला, शर्ट काढला, आणि बसला. न्हाव्यानं त्याच्या डोक्यावर गार पाणी मारलं तेव्हा तो दचकला, आणि बिसाहूनं त्याची मान खाली दाबून धरली, पोरांची धरतात तशी. केस झाल्यावर दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. बिसाहूनं ओंजळ भरली आणि तसाच उभा राहिला. बोटांच्या फटीतून पाणी गळून ओंजळ रिकामी झाली, त्यानं पुन्हा भरली. पाणी नाव घेऊन सोडायचं असतं. त्याचे ओठ हलत होते, पण साठ वर्षं मिटलेलं नाव काही उघडेना. “मोर ले नइ होवय,” तो अखेर म्हणाला, माझ्यानं होत नाही. “नांव तैं ले.” शेखरनं त्याच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली. “शरच्चंद्र गंगाधर पिंपळापुरे,” तो म्हणाला. बिसाहूनं डोळे मिटून घेतले. ते नाव त्यानं लहानपणी कधीतरी हाकेत घेतलं असेल, त्यानंतर आज ते इतक्या जवळून ऐकत होता. पाणी त्याच्या हातांतून शेखरच्या हातांत आणि तिथून तळ्यात गेलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यानं त्याच्या भिजल्या टाळूवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

परत येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडून तो चालत निघाला. उघड्या टाळूला ऊन आणि वारा दोन्ही लागत होते. मुंबईत या वेळी तो खाली मान घालून सरळ लिफ्टमध्ये शिरला असता. इथं दर दुसऱ्या दाराशी कोणी ना कोणी बसलेलं होतं, मटार सोलत, पेपर वाचत, आणि प्रत्येकजण त्याला बघून हातातलं काम थांबवत होता. कोपऱ्यावरच्या घरातली बाई, जिच्याशी तो सहा महिन्यांत एक शब्दही बोलला नव्हता, कुंपणापाशी आली. “अरे भैया,” ती घाबरून म्हणाली, “कौन चला गया?” “माझे वडील,” शेखर म्हणाला. मराठीत बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, आणि तिलाही ते समजायला अडलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला. मागच्या घरात तिनं हाक मारली, कोणीतरी बाहेर आलं, आणि समोर आपल्या घराच्या फाटकात विजयाकाकू आणि क्षमा उभ्या असलेल्या त्याला दिसल्या. क्षमानं त्याचं डोकं बघितलं आणि तोंडाला हात लावला. “कब, भैया?” त्या बाईनं हळूच विचारलं. तीन वर्षांपूर्वी, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. “आत्ता,” तो म्हणाला, आणि तिच्या कुंपणाला धरून, भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, तो रडू लागला.